गच्चीवरची डिश काढल्यापासून

हॅलो?… हां बाबा, बोला… नाही हो, कामात कसली! शोरूममध्ये एकटीच बसलेय. आमच्या मॅनेजर बाई जेवायला गेल्यात आणि गिऱ्हाईक एकही नाही. भिंतीवरचे दोन टीव्ही आणि मी. बोला.

चावी? कसली?… गाडीची दुसरी चावी. आहे की, माझ्याकडेच आहे, कपाटाच्या वरच्या खणात. का? पहिली हरवलीत ना? तरी मी सांगत होते, शर्टाच्या खिशात ठेवू नका, वाकलात की… नाही हरवली? मग एका गाडीला एकदम दोन चाव्या कशाला लागतायत?

द्यायचीय? कुणाला?

गॅरेजवाल्याला… अहो, दुरुस्तीला एक चावी पुरते की…

काय?

विकली म्हणजे?… बाबा, विकली म्हणजे काय? आपली गाडी? शिकवणीची?… हो, मला माहितीय दुसरी गाडी नाहीये आपल्याकडे, मी आपलं… आज? आज न्यायला येणार? आणि हे मला आत्ता सांगताय! तेही चावी हवी म्हणून. चावी माझ्याकडे नसती तर गाडी दारातून गेल्यावरच कळलं असतं मला.

ओरडत नाहीये. हा माझा साधा आवाज आहे. तुमच्याकडूनच आलाय. 'क्लच! अगं क्लच!' करून अख्खी गल्ली कोण जागी करायचं?… हसू नका. मी हसण्यावारी नेत नाहीये.

बरं, आणि शिकणाऱ्यांचं काय? त्या शिक्षिका बाई, वळण आलं की डोळे मिटतात त्या, त्यांची परीक्षा आहे ना या आठवड्यात?… दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाठवलंत? त्या जातील? त्या तर म्हणायच्या, सर बाजूला असले तरच मी गिअर टाकीन… रडल्या? बघा. त्यांना रडवलंत, आता मला रडवा.

वय झालं? कधी झालं? मागच्या महिन्यापर्यंत तर म्हणत होतात, स्टिअरिंगवर हात असतानाच मरणार. मी त्यावरून चिडले होते तुमच्यावर… हो ना? मग एका महिन्यात काय झालं असं?

डॉक्टरकडे? कधी? मला न सांगता?… डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मग, काय म्हणाले?… डोळे ठीक. कान?… कानही ठीक. अहो मग झालंच की! डोळे ठीक, कान ठीक, पाय तर माझ्यापेक्षा जोरात चालतात. बिघडलंय काय मग?

काय?… मोठ्याने बोला बाबा, कुजबुजताय काय.

डोकं?

काहीतरीच! डोक्याला काय झालंय तुमच्या? मला माझ्या शाळेतल्या बाईंच्या गाडीचा नंबर आठवत नाही, तुम्हाला अजून आठवतो… हळू झालंय म्हणजे? हळू म्हणजे कसं?… दिसतं, पण पोचत नाही? कुठे पोचत नाही?

बरं. बरं, सांगा. नाही, मध्ये बोलत नाही. सांगा.

हो, प्रश्नांचा कार्यक्रम. तुमचा आणि आत्याचा. माहीत नसायला काय झालं, संध्याकाळी तुम्हाला फोन लावला की एंगेजच असतो. तुमच्या घरी तुमचा टीव्ही, तिच्या घरी तिचा टीव्ही, दोघांचे आवाज बंद, नाहीतर फोनमध्ये घुमतं, आणि पडद्यावर प्रश्न आला की जो आधी उत्तर देईल तो… हो, आणि कायम तुम्हीच जिंकायचात. ती बिचारी म्हणायची, दादा, मला वाचून तरी होऊ दे.

मग?

हल्ली ती जिंकते, हो, मलाही सांगते ती. अहो, मग चांगलं आहे की. जिंकू दे की तिलाही थोडे दिवस… सगळे? म्हणजे रोज सगळेच प्रश्न?… तुमच्या पडद्यावर प्रश्न येतो न येतो…

… 

नाही, नाही, आहे ना मी. ऐकतेय. आवाज येतोय तुमचा… तुम्ही पहिला शब्द वाचताय तोवर तिचं उत्तर तयार.

कधीपासून, बाबा?

… महिना झाला असेल. हो. असेल.

नाही, कुठे काय, मी काही बोलले नाही. बोला तुम्ही.

अहो, आत्या हुशारच आहे मुळात. इतकी वर्षं आतोबांच्या आजारपणात अडकली होती, आता वेळ मिळतोय, डोकं चालतंय तिचं… आणि तुम्ही दमलेले असता. दिवसभर लोकांचे क्लच सांभाळायचे म्हणजे… हो, पण तुम्ही कधी म्हणालात का दमलो म्हणून? तुम्ही म्हणणारच नाही… नाही बाबा, समजूत नाही काढत. मी समजूत नाही काढत आहे.

सायकलवाला? कुठला सायकलवाला?… चौकात. आणि शिक्षिका बाईंनी डोळे मिटले. अर्थात. मग तुम्ही तुमच्या बाजूचा ब्रेक दाबलात ना?… थांबली ना गाडी? लागलं का त्याला?… नाही ना? धक्काही नाही? मग वेळेवरच दाबलात की!… आधी दाबायला हवा होता म्हणजे किती आधी? तो घरून निघायच्या आधी?… माझी थट्टा नाही बाबा. मला कळतंय. दुसऱ्याचं पोर रस्त्यावर असतं, हे कळतंय मला. म्हणूनच विकताय. कळलं.

पण नका ना विकू.

नाही, कारण असं काही… तुम्ही नुसतं आज त्याला येऊ नका म्हणा. एवढं करा. मी संध्याकाळी घरी येते, मग बोलू… फोनवर नाही सांगता येत… अहो, तसं काही नाही. मला काय होतंय? मी बरी आहे.

कुठला गोल?

… हो. त्या रविवारची फायनल. होते ना मी. खालच्या घरातले सगळे ओरडले. आणि मग…

हो बाबा. आठवतंय. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि विचारलंत, तुला दिसला का गं गोल… आणि मी म्हणाले, हो, केव्हाच. आणि चहा ठेवायला आत गेले.

हो. म्हणजे सगळ्यांना दिसला, खालच्यांना दिसला, मलाही दिसला आणि एकट्या तुम्हालाच…

बाबा, त्यावरून तुम्ही… त्या एका गोलावरून?

टीव्हीच… काय म्हणालात?… परत म्हणा… "टीव्ही तसाच आहे असं तू म्हणालीस, म्हणजे मीच बदललो असणार."

थांबा. थांबा जरा. एक मिनिट द्या मला… नाही, गिऱ्हाईक नाही आलं. पाणी पितेय.

हां. बाबा, आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐका, आणि मध्ये बोलू नका. तुम्हाला नाही झालेलं काही. तुमचं डोकं ठणठणीत आहे. टीव्ही मागे आहे.

टीव्ही. टीव्ही मागे आहे, तुमच्या घरातला. उशिरा दाखवतो.

नाही हो, घड्याळ नाही मागे पडलं, टीव्हीच! कसं सांगू?… पूर्वी गच्चीवर आपली डिश होती ना? चित्र वरून यायचं, डिशवर पडायचं, वायरने खाली, की पडद्यावर. आत्याकडे अजून तसंच येतं. तुमची डिश आम्ही कंपनीवाल्यांनी काढली आणि इंटरनेट लावलं, आणि टीव्हीही त्याच तारेतून द्यायला लागलो. तर तो जो नवा बॉक्स आहे, तो आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. थोडं साठवतो, मग दाखवतो. मध्ये इंटरनेट अडखळलं तरी चित्र अडू नये म्हणून. तुम्ही नाही का शिकवत, पुढच्या गाडीला चिकटू नका, अंतर ठेवा? तसं तो अंतर ठेवतो. सात-आठ सेकंदांचं… हो, तेवढं. आणि सात-आठ सेकंदांत आत्याचा प्रश्न वाचून होतो, विचार करून होतो आणि उत्तरही देऊन होतं.

म्हणून तुम्ही हरताय. बस, एवढंच आहे.

बोला ना. पटतंय का?

… नाही! बरं वाटावं म्हणून नाही सांगत! शप्पथ… अहो, हे मी रचून कशाला… हो, मला माहितीय मी गोड बोलते. गोड बोलायचाच पगार मिळतो मला. पण हे ते नाही, बाबा, हे खरं आहे… गॅरेजवाल्याला थांबवायला म्हणून नाही!

काय कमाल आहे. तेव्हा खोटं सांगितलं ते लगेच पटलं, आणि आता खरं सांगतेय तर…

नाही, काही नाही. सांगते ते पण. आधी हे पटवून देते. टीव्ही लावा. लावा म्हणतेय ना, फोन कानाला ठेवूनच लावा… रिमोट उशीखाली बघा… मिळाला? बातम्या लावा. ती नाही, दुसरी, ज्यात खाली पिवळी पट्टी पळते ती… हां. आता तिथे कोण दिसतंय?… निळ्या कोटातली बाई आणि एक टकलू गृहस्थ. बरोबर. माझ्याकडे पण दोन्हींवर तेच लावते. इथे भिंतीवर दोन टीव्ही आहेत ना, एक डिशवर चालतो, एक इंटरनेटवर. गिऱ्हाइकांना दाखवायला. मी डिशवाल्यावर बघते आणि तुम्हाला आधी सांगते काय होणार ते. चालेल?

बघा हं. बाई आता कागद उलटणार… उलटला. मी सांगितल्यावर ना?… असं कसं, त्या सारख्याच उलटतात? बरं, ते सोडा.

आता जाहिरात लागणार. साबणाची. लागली माझ्याकडे… तुमच्याकडे नाही लागली? मोजा… लागली? झालं तर मग!… रोज याच वेळेला लागते? बाबा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं, उगाच ड्रायव्हिंग शिकवत बसलात!

थांबा, संपली जाहिरात. टकलू बोलतोय… बोलतोय… नाक चोळतोय…

शिंकला! बाबा, टकलू शिंकला! जोरात! कागद उडाला बाईंचा!… तुमच्याकडे? थांबा. काही बोलू नका. बघत राहा फक्त. नाक चोळतोय ना?… आता…

शिंकला ना?

शिंकला ना, बाबा?… आता सांगा, हे मला कसं कळलं? त्याची शिंकायची वेळ ठरलेली असते का?

…

बाबा?… रडताय?… नाही? मग तो आवाज कसला?… हसताय? खरंच हसताय?

हसा. हसा हो. मला रडू येतंय, पण तुम्ही हसा.

हो. हो बाबा. डोकं ठीक आहे तुमचं. हो, सायकलवालाही वेळेवरच. अगदी वेळेवर… हो, शिक्षिका बाईंनाही परत बोलवा. आजच बोलवा, त्या चालत येतील, गाडी चालवत नको म्हणावं.

बसा. जरा खुर्चीवर बसा. पाणी प्या… मी पण पितेय.

… 

हं.

हो, हे माहीत होतं. मला माहीत होतं.

नाही, आज नाही कळलं. आधीपासून. आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगतात. टीव्ही थोडा मागे असतो, पण गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय आपण होऊन सांगायचं नाही. आणि इथे शोरूममध्ये दोन्ही टीव्हींवर एकच चॅनेल कधीही लावायचा नाही, असा नियमच आहे. एकावर गाणी, एकावर बातम्या. शेजारी शेजारी ठेवले की दिसतं ना लगेच… हो, असा नियम. तुम्हाला हसू येतंय, मला रोज सकाळी येऊन आधी तेच बघावं लागतं, चुकून एकच तर नाही ना लागलं.

अहो, कंपनी वाईट नाहीये. नुसत्या डिशवर आता धंदा चालत नाही. लोक डिश काढतायत, सगळ्यांना इंटरनेट हवंय. मग कंपनी म्हणाली आपणच इंटरनेट विकू, घरात आपला माणूस आधीच जाऊन आलेला आहे, गच्चीपर्यंत ओळख आहे. ते बरोबरच आहे. इंटरनेट चांगलंच आहे तुमचं, आहे की नाही?… मग! तार सरळ आहे. मीच वाकडी आहे.

कारण आमच्या मॅनेजर बाईंनी सांगितलं, नवीन सुपरवायझर नेमायचाय. जो जास्त डिशवाली घरं इंटरनेटवर आणेल त्याचा विचार होईल. सुरुवात आपल्या माणसांपासून करा. आणि माझं आपलं माणूस कोण? तुम्ही आणि आत्या. आत्या म्हणाली, मला नको गं बाई ती तार, मी आहे तिथे बरी आहे. तुम्ही म्हणालात…

हो. "तू म्हणतेस ना, मग लाव." एवढंच म्हणालात. कागद वाचलासुद्धा नाहीत. सही करताना विचारलंत फक्त, सगळं आधीसारखं चालेल ना? मी म्हणाले, अगदी जसंच्या तसं.

तेव्हा मला वाटलं, सात-आठ सेकंद, त्यात काय मोठं? कुणाचं काय अडतंय? मला खरंच आठवलं नाही तुमचं आणि आत्याचं. रोज एंगेज लागणारा फोन, आणि मला आठवलं नाही.

पण त्या रविवारी आठवलं.

हो. ते ओरडले आणि आपल्याला गोल नंतर दिसला, तेव्हा मला सगळं कळलं. तेव्हाच. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मी त्याच वेळी मनात म्हणत होते, आता बाबा विचारणार, आता विचारणार. आणि तुम्ही विचारलंत…

नाही दिसला होता, बाबा. मला पण तेव्हाच दिसला. तुमच्याबरोबरच. खोटं बोलले.

का म्हणजे… कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, काढ बाई ते, माझी डिश लाव. आणि इतक्या लवकर कनेक्शन काढलं की ते माझ्या नावावर उणं लागतं. स्वतःच्या बापानेच काढलं म्हटल्यावर बाई काय म्हणाल्या असत्या? म्हणून तोंडातून निघून गेलं, हो, केव्हाच. आणि चहा करताना ओट्याशी उभी राहून मी स्वतःला सांगत होते की एवढंसं तर आहे. साखर घालायची राहिली तर तुम्ही काही बोलला नाहीत. तसाच प्यायलात.

मला काय माहीत तुम्ही ते स्वतःवर घेऊन बसाल! तुम्ही डॉक्टरकडे जाल, गाडी विकायला काढाल… तुम्ही मला एकदाही नाही विचारलंत, टीव्ही बिघडलाय का म्हणून. लोक रोज येऊन भांडतात माझ्याशी, ताई, तुमचा बॉक्स भंगार आहे! तुम्हीही भांडायचं होतंत. तुमचा विश्वासच एवढा… नाही, तुमची चूक नाही. मी तुमच्यावर ढकलतेय परत. बघा ना, सवयच लागलीये.

मला लाज वाटतेय बाबा. खूप लाज वाटतेय.

ओरडा ना. 'क्लच' म्हणून तरी ओरडा.

… अं? कोण?… हां, या ना काका, या. बसा… बाबा, फोन ठेवू नका, गिऱ्हाईक आलंय, एक मिनिट… हो काका, बोला. काय?… हो, दोन्हीवर एकच लागलंय. नाही, नियम… हो, तोच माणूस आहे. तोच.

हो. हा मागे आहे.

नाही, बिघडलेला नाही. इंटरनेटवरचा टीव्ही थोडा मागेच असतो, सात-आठ सेकंद. बाकी इंटरनेट चांगलं आहे, त्याची खात्री देते. पण फोनवर कुणाबरोबर मॅच बघत असाल तर आधी विचार करा… मुलाबरोबर? तो परदेशात?… मग त्याच्याकडे काय आहे ते विचारून या. दोघांकडे सारखं असलं की काही त्रास नाही… हो, घरी विचारून या. घाई नाही. हा कागद घ्या, यात सगळं आहे… नाही, हे नाही त्यात, हे मी तोंडी सांगितलं… या हं.

हॅलो, बाबा? आहात?… हो, गेले. येतील परत, नाहीतर नाही येणार… बाईंना कळलं तर कळू दे. कळायलाच हवं. मी आज बाईंना सांगते, तुमचं कनेक्शन काढायचंय. उद्या सकाळी माणूस येईल, गच्चीवर डिश परत लावेल, सगळं पुन्हा आधीसारखं. आता खरंच जसंच्या तसं. उद्या संध्याकाळी तुम्ही आत्याला असं हरवाल ना…

काय?

काढायचं नाही? का?… अहो, माझा विचार करू नका! माझ्या नावावर लागलं तर लागू दे, तेच बरोबर आहे. मी तर…

माझ्यासाठी नाही? मग?

आत्यासाठी…

… 

हो, मला पण करते ती फोन. रोज. कार्यक्रम संपला की लगेच. "आज परत हरवलं गं तुझ्या बापाला!" असं म्हणते आणि हसते. मला वाटायचं मजा चाललीय तुमची… हो, आतोबा गेल्यापासून हसली नव्हती ती. खरंय. फोन केला तरी हो-नाही, हो-नाही, आणि ठेवून द्यायची… सकाळी उठून पेपर वाचते? तयारी करायला? आत्या?… शब्दकोडंसुद्धा? पाठ करते?… हे नव्हतं माहीत मला.

पण बाबा, ते खरं जिंकणं नाहीये ना. ते सात-आठ सेकंद…

हो. तिला कुठे माहितीय. बरोबर आहे.

म्हणजे तुम्ही रोज बसणार, तिचं उत्तर येईपर्यंत प्रश्नही दिसणार नाही नीट, आणि रोज हरणार? मुद्दाम?… आता हरायला काय हरकत आहे म्हणजे?… हां. आता तुम्हाला माहितीय म्हणून. तेव्हा भीती वाटायची, आता नाही वाटणार… बाबा, तुम्ही अजब आहात. खरंच अजब आहात.

बेल? वाजली वाटतं. गॅरेजवाला का?… आधीच आला? देऊ नका हं गाडी!… हो, हो, माहितीय नाही देणार, पण सांगा त्याला नीट. रागावेल तर रागावू दे. कुणी ठोकली की गाडी त्याच्याकडेच येते आपली, त्याचं नुकसान नाही… हसताय. बरं वाटलं.

बाबा, थांबा, ठेवू नका! एक राहिलं. कनेक्शन तसंच ठेवलंत तर माझं… माझ्या हिशोबात ते पक्कं होतं. तुमचं घर माझ्या बाजूने धरतील. ती सुपरवायझरची जागा, ती मला मिळायची शक्यता… मला नकोय ती अशी. मी तुमच्याशी खोटं बोलले, तुम्ही गाडी विकायला निघालात, आणि वर मलाच बक्षीस?… 'घे' काय घे? कुठल्या तोंडाने घेऊ?

तुम्ही मला माफ केलंत का?… नाही? अजून नाही?… बरं. बरं झालं. हो, नका करू लगेच. मला चालेल.

मग मी काय करायचं? काहीतरी तर सांगा करायला, मी कुठे ठेवू हे सगळं?

… आत्याला सांगायचं नाही. कधीच नाही?… म्हणजे ती रोज फोन करणार, आणि मी रोज ऐकायचं, आणि मला माहीत असणार, आणि मी…

बाबा, हे नको ना. याच्यापेक्षा ओरडा ना माझ्यावर… बाबा, तो बेल वाजवतोय, कळतंय, पण…

थांबा, माझ्या फोनवर दुसरा फोन येतोय… तिचाच आहे. आत्याचा. आत्ता कशी? कालचं सांगायचं राहिलं असेल, काल मी उचलला नव्हता… घेऊ? काय सांगू मी तिला?… बाबा?

ठेवलात?

… 

हॅलो?… हो आत्या. बोल ना… नाही गं, घसा जरा धरलाय… हो, कळलं मला. बाबा सांगत होते आत्ताच. कालही तूच जिंकलीस. सगळेच्या सगळे?

… शाब्बास, आत्या.